पेटीवर गाव नाही

नोव्हेंबर लागला की मी एकदा तरी शेलबारीचा घाट उतरून ताहाराबादकडे जातो. काहीतरी काम काढून जातो, पण खरं कारण द्राक्षं. आमच्या साक्री तालुक्यात, पिंपळनेरच्या बाजूला कांदा जास्त. घाट ओलांडला की मोसम खोऱ्यात करंजाड, पिंगळवाडे, भुयाणे अशा गावांच्या शिवारात अर्ली द्राक्षांच्या बागा लागतात. बाकीचा नाशिक जिल्हा गोडी छाटणीची, म्हणजे फळ धरायच्या छाटणीची, कात्री ऑक्टोबरात हातात घेतो, तेव्हा इथल्या मण्यांत पाणी उतरत असतं, कारण इथली छाटणी जून-जुलैतच उरकलेली असते. सगळा पावसाळा अंगावर घेऊन पिकवलेला माल. जगात दुसरीकडे द्राक्षं कमी असताना निघतो, म्हणून भाव चढा.

हे सगळं बागलाण. आज ते नाशिक जिल्ह्यात मोडतं. 1869 साली तो जिल्हा झाला तेव्हा ते खान्देशातून तिकडे गेलं. पण जिल्हा बदलला म्हणून बोली बदलत नाही. सटाण्याच्या, म्हणजे बागलाणच्या मुख्य गावाच्या, बाजारात आजही अहिराणीच ऐकू येते, आणि आम्ही साक्रीकर त्यांना परके समजत नाही.

गेल्या खेपेला एका शेडमध्ये पॅकिंग चाललं होतं. बाया खाली बसून कात्रीने घडातले फुटके, सुकलेले मणी काढत होत्या. वजन करून माल पनेटमध्ये, म्हणजे प्लास्टिकच्या लहान डबीत, आणि पनेट पेटीत. पेटी नवी करकरीत, वर द्राक्षांचा घड आणि मागे बर्फाचे डोंगर छापलेले. (मोसम खोऱ्यात बर्फ!) नाव व्यापाऱ्याच्या ब्रँडचं, खाली लहान अक्षरांत देशाचं. गावाचं नाव कुठेच नाही. बागवाल्या पोराला सहज विचारलं, तर तो हसला. म्हणाला, “नाव लिसन काय करानं भाऊ? भाव काय भेटी ते सांगा.”

त्या उत्तराशी मी तेव्हापासून भांडतो आहे. पोराचं म्हणणं खोटं नव्हतं. पण नाव आणि भाव हे दोन वेगळे विषय आहेत, हे त्याने धरून चाललेलं गृहीत मला मान्य नाही. त्याहून पुढचं माझं म्हणणं असं, की आपल्याकडे नाव मिळवायची धडपड उलट्या टोकाने सुरू होते. आधी शिक्का आणतो, मग त्या शिक्क्याखाली काय ठेवायचं ते शोधत बसतो. ज्या गावांची नावं वाइनच्या बाटलीवर चढली त्यांनी आधी स्वतःला दावणीला बांधून घेतलं होतं. आणि ही दावण खान्देशाला नवी नाही.

फ्रान्सच्या दक्षिणेला, रोन नदीच्या काठी, शातोनफ-दु-पाप नावाचं एक गाव आहे. वस्ती जेमतेम दोन हजारांची, म्हणजे आपल्याकडच्या मध्यम गावाहूनही लहान. चौदाव्या शतकात पोप रोमऐवजी जवळच्या आविन्यों शहरात राहत, तेव्हा त्यांनी इथे टेकडीवर किल्लेवजा वाडा बांधला. ‘पोपचा नवा किल्ला’ असा त्या नावाचा अर्थ. पण गंमत अशी, की हे नाव गावाने अधिकृतपणे घेतलं ते 1893 साली. त्याआधी गावाच्या नावात पोपऐवजी जवळपासच्या चुनखडीचा उल्लेख होता. ज्याला बाजारात वजन आहे ते नाव गावाने विचारपूर्वक निवडलं. एवढं तर आपल्याकडेही होतं. चौकाचौकात पाट्या बदलतातच की.

फरक पुढे आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्या भागातल्या दारूत भेसळ बोकाळली. बाहेरची वाइन आणून याच गावाच्या नावाने विकली जायची. तेव्हा 1923 साली गावातल्या बागवाल्यांनी, ल रोआ नावाच्या एका वकिली शिकलेल्या जमीनदाराला पुढे करून, स्वतःवर नियम घालून घेतले. कोणती जमीन या नावात येईल ते ठरलं. त्याची खूणही शेतकऱ्याला कळेल अशी होती: ज्या रुक्ष जमिनीत रानओवा आणि लॅव्हेंडर दोन्ही आपोआप उगवतात, तीच जमीन खरी. कोणत्या जातीचे वेल चालतील, ते ठरलं. दारूची किमान तीव्रता ठरली. घड हातानेच तोडायचे. तोडणीत काही माल हलका म्हणून बाजूला काढलाच पाहिजे, सगळाच माल चांगला निघाला असं कुणी म्हणायचं नाही. या नियमांतूनच पुढे फ्रान्सचा राष्ट्रीय कायदा आकाराला आला, आणि 1936 साली कायद्याने मान्यता मिळालेल्या पहिल्या काही नावांत या गावाचं नाव होतं.

उत्पादनाची मर्यादा ऐकली की आपला बागवाला कपाळाला हात लावेल. हेक्टरी 3500 लिटरच्या वर वाइन नाही. द्राक्षांत हिशेब केला तर एकरी दोन टनांच्या आसपास. आपल्याकडे एकरी दहा टन निघाले नाहीत तर शेजारी विचारतो, औषध चुकलं का? वाइनची द्राक्षं आणि खायची द्राक्षं यांची अशी सरळ तुलना होत नाही, हे मला ठाऊक आहे. मणी लहान, साल जाड, साखर जास्त, सगळंच वेगळं. तरी त्या गावाने आपण होऊन कमी पिकवायचं ठरवलं, ही गोष्ट उरतेच.

या गावाचा आणखी एक किस्सा सांगितल्याशिवाय राहवत नाही. 1954 साली तिथल्या महापौराने हुकूम काढला, की उडत्या तबकड्यांनी या गावाच्या हद्दीवरून उडू नये आणि इथे उतरू नये. उतरलीच तर जप्त होईल. तेव्हा युरोपात उडत्या तबकड्यांच्या बातम्यांचा सुकाळ होता, महापौराने संधी साधली. जाहिरात फुकटात झाली. पण मला त्यात वेगळंच काही दिसतं. गावाला आपल्या हद्दीचं एवढं भान होतं, की त्यावर विनोदही करता येत होता. आपल्याकडे शिवाराची हद्द आठवते ती बांध कोरल्यावर, तलाठ्याकडे.

आता आपल्याकडचा वाद घ्या. 27 जानेवारी 2022 रोजी राज्य मंत्रिमंडळाने सुपरमार्केटात वाइन विकायला परवानगी द्यायचा निर्णय घेतला. त्यावरून केवढा गदारोळ झाला! अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला, विरोधकांनी ‘मद्यराष्ट्र’ म्हणून टोमणे मारले, सरकार म्हणालं शेतकऱ्यांसाठी करतो आहोत. पुढे ते धोरण बासनात गेलं. वाइन दारू आहे की नाही यावर सगळे तावातावाने बोलले. पण ‘शेतकऱ्यांसाठी’ हा शब्द कुणी उलगडला नाही. बाटली दुकानात कुठल्या फळीवर ठेवायची यावर महिनाभर चर्चा झाली. बाटलीत कुठल्या शिवाराचा माल आहे, त्या शिवाराला तिचं काय मिळतं, यावर एक ओळ नाही. वाइन पिणं मला चांगलंही वाटत नाही आणि वाईटही. आमच्या घरात कुणी पीत नाही, एवढंच. पण शेतकऱ्याच्या नावावर कायदा करताना शेतकरी नेमका कुठे उभा आहे, हे विचारायला पिणारा असावं लागत नाही.

आणि तो कुठे उभा आहे हे नाशिककडच्या जुन्या बागवाल्यांना विचारा. 2001 साली राज्याने द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं, विंचूरला वाइन पार्क झाला, आणि अनेकांनी खायची द्राक्षं काढून शिराझ, काबर्ने, शेनिन ब्लाँ या वाइनच्या जाती लावल्या. 2008-09 च्या मंदीत कंपन्यांनी माल उचलायचं कमी केलं. ही द्राक्षं बाजारात नेऊन विकता येत नाहीत, बेदाणाही धड होत नाही. कित्येकांनी बागा कुऱ्हाडीने तोडल्या. ‘नाशिक व्हॅली वाइन’ला भौगोलिक मानांकन (ठरावीक भागातल्या मालालाच ते नाव लावायचा कायदेशीर हक्क) आहे, नाव झालं आहे, शनिवार-रविवारी गंगापूर धरणाच्या बाजूला मुंबईच्या गाड्यांची रांग लागते. पण ते नाव कंपन्यांनी उभं केलं आणि कंपन्यांच्याच हातात आहे. ज्या गावात वेल आहेत, त्या गावाला त्या नावाच्या वापरावर काही म्हणता येत नाही.

मानांकनाचा विषय निघालाच आहे तर आपल्या केळीकडेही पाहू. 2016 साली जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळालं. त्याच वर्षी जळगावच्या भरीत वांग्याला आणि नवापूरच्या तूरडाळीलाही. केळीच्या बाबतीत रावेर तालुक्यातलं तांदलवाडी हे लहानसं गाव पुढे आलं, तिथल्या शेतकऱ्यांची मानांकित केळी 2021 मध्ये दुबईला गेली. ही खरंच अभिमानाची गोष्ट आहे आणि ती मी कमी लेखणार नाही. पण तांदलवाडीच्या बाहेर, रावेर-यावल-चोपड्याच्या हजारो बागांत, सकाळी शेतकरी फोनवर काय बघतो? बऱ्हाणपूरचा भाव. म्हणजे नाव जळगावचं, आणि भाव मध्य प्रदेशातल्या बाजाराचा. त्यातही व्यापारी बागेत आल्यावर ‘माल जरा हलका आहे’ म्हणून आणखी खाली ओढतो, ते वेगळंच. कायद्याने मानांकन झाल्यावर प्रत्येक शेतकऱ्याने अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करायची असते. किती जणांनी केली, हा प्रश्न कुठल्याही केळीपट्ट्यातल्या पारावर विचारून पाहा. बहुतेक ठिकाणी आधी ‘म्हणजे काय?’ असं ऐकायला मिळेल.

शिक्का आला, नियम आले नाहीत. जळगावची केळी म्हणजे अमुक जाडीची, अमुक दिवसांची, अमुक पद्धतीने कापलेली, आणि तशी नसेल तर आम्हीच तिला हे नाव लावू देणार नाही, असं म्हणणारं गाव मागे उभं नसेल, तर मानांकनाचं प्रमाणपत्र ग्रामपंचायतीच्या भिंतीवर फ्रेम करून लावायच्या कामाचं.

इथे माझ्यातला साक्रीकर जागा होतो. कारण स्वतःवर नियम घालून घेणारं गाव आम्हाला फ्रान्समध्ये जाऊन बघायची गरज नाही. पांझरेच्या काठी ते होतं, आणि काही ठिकाणी अजून आहे.

फड म्हटलं की पुण्याकडच्या माणसाला तमाशा आठवतो. आमच्याकडे फड म्हणजे पाण्याची वाटणी. पांझरा, मोसम, आरम, गिरणा या नद्यांवर लोकांनी दगडी बंधारे घातले, तीन-चारशे वर्षं जुने. बंधाऱ्यातून पाट निघतो, पाटातून चाऱ्या. पाटाखाली येणाऱ्या सगळ्या जमिनीचे मोठे तुकडे पाडायचे, तेच फड. बहुतेक ठिकाणी असे चार. प्रत्येक फडात एकच पीक: एकात ऊस, एकात गहू-हरभरा, एकात बाजरी किंवा ज्वारी, आणि पाणी नसेल तर एक पड. कोणत्या फडात काय हे दरवर्षी सगळे मिळून ठरवणार, आणि पुढच्या वर्षी फिरवणार. गावातल्या जवळपास प्रत्येक खातेदाराची जमीन थोडी थोडी प्रत्येक फडात. म्हणून दुष्काळात एक फड पड ठेवायचा ठरला, तर नुकसान एकाच्या नव्हे, सगळ्यांच्या वाट्याला सारखं.

आमच्या आजोबांचं शेत पाटाखाली होतं. त्यांनी आयुष्यात स्वतःच्या शेतात स्वतः पाणी भरलं नाही, आणि ते हे अभिमानाने सांगायचे. पाणी भरायचं काम पाटकऱ्याचं. तो फडाच्या एका टोकाला सुरुवात करणार आणि शेवटच्या वाफ्यापर्यंत जाणार. मध्ये पाटलाचं शेत लागो की विधवेचं, थांबणार नाही आणि वगळणारही नाही. रखवालीला जागल्या, या सगळ्यांवर हवालदार. मोबदला पैशात नव्हे, पिकात. खळ्यावर त्यांचा वाटा आधी बाजूला काढायचा. पावसाळ्याआधी पाट साफ करायला घरटी एक माणूस जायचाच. एका वर्षी आमच्या एका चुलत आजोबांनी गव्हाच्या फडात गुपचूप कांदा लावला. पंचांनी दंड केला तो केलाच, पण पाटकऱ्याने त्या तुकड्याला पाणीही दिलं नाही. कांदा वाळला. चुलत आजोबा मरेपर्यंत त्या पंचांशी बोलले नाहीत, पण पुढच्या वर्षी पाट साफ करायला त्यांच्याच घरचा माणूस सगळ्यांत आधी हजर होता.

ज्याला आज ‘दर्जा नियंत्रण’ म्हणतात त्याची ही मुळं. माझं पीक मी ठरवीन, माझं पाणी मी घेईन, ही मोकळीक गावाने सोडून दिली होती, आणि त्या बदल्यात प्रत्येकाला खात्रीचं पाणी मिळत होतं. शातोनफच्या बागवाल्यांनी जास्त पिकवायची मोकळीक सोडली आणि त्या बदल्यात नावाची किंमत मिळवली. सौदा एकच.

मग फड का मोडले? विहिरी आल्या, विजेचे पंप आले, वर धरणं झाली, ज्याच्या विहिरीला पाणी तो फडाच्या नियमातून मोकळा झाला. ऊस वाढला. पाटकऱ्याला खळ्यावरचा वाटा परवडेना, त्याची पोरं सुरतला गेली. जुन्या व्यवस्थेचा गोडवा गात बसण्यात मला रस नाही. फडात ज्याची जमीन नाही त्याला काहीच नव्हतं. पंच कोण व्हायचे हे जातीवरून ठरायचं आणि जागल्याच्या पोराने पंच व्हायचं स्वप्नही पाहायचं नव्हतं. आज मोसम खोऱ्यात द्राक्षाची थिनिंग, म्हणजे घडातले मणी विरळ, करायला पेठ-सुरगाण्याहून मजुरांच्या टोळ्या येतात, तीन-चार महिने बागेच्या कडेला प्लास्टिकच्या झोपड्यांत राहतात. उद्या पेटीवर गावाचं नाव आलं, तरी त्या नावात ही माणसं कुठे असतील? गावाने स्वतःवर नियम घालायचे म्हटलं, तर टोळीच्या राहण्याचा, पाण्याचा, मजुरीचा नियम त्यात पहिल्या पानावर हवा. नाहीतर पुन्हा एक पंचमंडळ तेवढं तयार होईल.

बागवाला आणखी एक गोष्ट म्हणेल, आणि त्यात तथ्य आहे: ‘मी कमी पिकवलं आणि शेजाऱ्याने नाही पिकवलं कमी, तर मी बुडालो.’ अगदी खरं. म्हणूनच एकट्याने नियम पाळणं हा खुळेपणा आहे. 2010 साली हे आपल्या द्राक्षपट्ट्याने अनुभवलं. युरोपात गेलेल्या मालात क्लोरमेक्वाट, म्हणजे बागवाले ज्याला लिहोसीन म्हणतात त्या वेलीची वाढ रोखणाऱ्या औषधाचे अंश सापडले आणि कंटेनरच्या कंटेनर अडकले. ज्यांनी ते औषध वापरलं नव्हतं, त्यांचाही भाव पडला, कारण तिकडच्या खरेदीदारासाठी आपण सगळे एकच होतो: भारताची द्राक्षं. सामायिक नाव आपल्याला चुकवता येत नाही, ते आहेच. प्रश्न एवढाच, की ते आपण सांभाळायचं की दुसऱ्याने आपल्यासाठी बिघडवेपर्यंत थांबायचं.

अर्ली द्राक्षांत हा बिघाड दरवर्षी लहान प्रमाणात होतोच. नोव्हेंबरात भाव चढलेला असतो, व्यापारी गाडी घेऊन दारात उभा असतो, आकाशात ढग. अवकाळीची एक सर आली तर मणी तडकून सगळी बाग जाईल ही धास्ती. मग ब्रिक्स, म्हणजे मण्यातल्या साखरेचं माप, पुरेसा भरायच्या आत घड उतरवले जातात. माल आंबट जातो. खाणारा एकदा तोंड वाकडं करतो आणि पुढचे पंधरा दिवस द्राक्षं घेत नाही. ज्याने साखर भरेपर्यंत थांबून धोका पत्करला, त्याच्या मालाची गाडी नेमकी त्या पंधरा दिवसांत बाजारात पोहोचते.

माझ्या मते सुरुवात इथून, इतक्या लहान गोष्टीपासून करावी. जिल्ह्याचं मानांकन, राज्याचं धोरण, वाइनचा टूरिझम हे सगळं नंतर. एका गावाने ठरवावं: आमच्या शिवारातला घड अमुक ब्रिक्सच्या आत तुटणार नाही. साखर मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर गावाचा, तपासणारा गावाचा, पगार गाडीमागे ठरलेला, आणि तपासल्याशिवाय पेटीवर गावाचं नाव नाही. पाटकरीच तो, फक्त पाण्याऐवजी साखर बघणारा. ज्याला नियमाबाहेर विकायचं त्याने खुशाल विकावं, कोऱ्या पेटीत. निम्मं काम तर झालेलंच आहे: युरोपला जाणाऱ्या मालाची ग्रेपनेट या सरकारी ऑनलाइन यंत्रणेवर प्लॉटनिहाय नोंद असते. रॉटरडॅमच्या गोदामातल्या माणसाला नंबर टाकून कळतं, की ही पेटी कुठल्या बागेची. खाणाऱ्याला मात्र कळत नाही. नंबराच्या जागी नाव यायचं तेवढं राहिलंय.

जाता जाता एक बोचणारी गोष्ट. द्राक्षाच्या वाइनसाठी आपण धोरणं करतो, पार्क काढतो. आमच्या वरच्या अंगाला सातपुड्यात भिल्ल, पावरा घरांत पिढ्यानपिढ्या मोहाची दारू गळते. तिला मात्र आपल्याकडे हातभट्टी हे एकच नाव. नर्मदेपलीकडे, मध्य प्रदेशच्या अलीराजपूरला सरकारने आदिवासी बचत गटांना मोहाची दारू ‘हेरिटेज’ म्हणून काढायची परवानगी दिली. नंदुरबारच्या अक्कलकुव्यात-धडगावात तोच मोह, तेच झाड, फक्त नदीची दुसरी बाजू. तिथल्या गावांनी आपले नियम आपण ठरवून काही उभं केलं, तर त्यांना नाव द्यायला आपण तयार आहोत का? की गावाचं नाव फक्त बागायतदाराच्याच पेटीवर शोभतं?

त्या दिवशी शेडमधून निघताना पोराने हातात एक घड ठेवला, पेपरात गुंडाळून. घाट चढताना मी दोन मणी तोंडात टाकले. साखर पुरती भरली नव्हती. घरी आल्यावर बायकोने विचारलं, कुठली द्राक्षं? मी गावाचं नाव सांगणार होतो, पण ओठावर येता येता गिळलं आणि म्हणालो, “सटाण्याकडची.”